काढलेल्या आंत्रपुच्छाचा अहवाल

महोत्सवी स्मरणिकेच्या आनंदाच्या पानांत रोगाचा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु आपल्या न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे आलेल्या एका अर्जामुळेच हा विषय मला सुचला. एका भगिनींचे पोट वर्षभर हळूहळू वाढत होते. वय झाले, अंग सुटले, एवढे म्हणून घरच्यांनी ते सोडून दिले. पुढे अंडाशयाची गाठ समजून शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटात डिंकासारखा चिकट पदार्थ आढळला. चौकशी करता कळले की, चार वर्षांपूर्वी त्यांचे ‘अपेंडिक्स’ काढले होते. पण त्याच्या तपासणीचा अहवाल आणावयास कोणी गेलेच नव्हते.

अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या आरंभी, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस असणारी ही बोटासारखी नळी एका टोकास बंद असते. तिच्या अस्तरातून थोडा बुळबुळीत स्राव, म्हणजे श्लेष्मा, पाझरतो व आतड्यात वाहून जातो. क्वचित या अस्तरातील पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, श्लेष्मा साचतो आणि नळी फुगते. व्हिएन्नाचे रोगविज्ञ रोकिटान्स्की यांनी अशा फुगलेल्या आंत्रपुच्छाचे वर्णन १८४२ साली केले.

नळी शाबूत आहे तोवर धोका मर्यादित असतो. ती फुटली, की श्लेष्म्याबरोबर त्या पेशीही पोटाच्या पोकळीत उतरतात. इतर कर्करोगांप्रमाणे त्या सहसा रक्तावाटे दूर जात नाहीत. पोटातील द्रवाबरोबर वाहत त्या ओटीपोटात व यकृताच्या वरच्या बाजूस जाऊन बसतात आणि तेथे वर्षानुवर्षे श्लेष्मा निर्माण करीत राहतात. या अवस्थेस ‘स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय’ म्हणतात. हे नाव १८८४ साली जर्मन वैद्य वेर्थ यांनी दिले. दरवर्षी दहा लाखांत एक ते तीन माणसांस होणारा हा विकार आहे. म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही; परंतु विरळ आहे म्हणूनच तो ओळखण्यात चूक होते.

चूक होण्यास कारणही आहे. हा रोग नेहमी दुसऱ्याचा वेष घेऊन येतो. कधी साध्या आंत्रपुच्छदाहासारखे दुखते. स्त्रियांत अंडाशयाची गाठ वाटते. पुरुषांत हर्निया म्हणून शस्त्रक्रिया करताना आत श्लेष्मा सापडतो. पुष्कळदा काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ दिसते. सी. टी. स्कॅनमध्ये आंत्रपुच्छ १५ मिलिमीटरहून जाड दिसल्यास डॉक्टरांस शंका येते. रक्तातील सी. ई. ए. इत्यादी चाचण्यांचे साहाय्य होते. तथापि अंतिम निर्णय काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवरच, म्हणजे बायॉप्सीच्या अहवालावरच, अवलंबून असतो.

उपचार या अहवालानुसार ठरतात. सौम्य जातीची गाठ आंत्रपुच्छातच असेल, ते न फुटता पूर्ण निघाले असेल, तर बहुधा तेवढ्याने काम भागते. म्हणूनच शस्त्रक्रियेत गाठ फुटू न देण्याची दक्षता घ्यावी लागते. श्लेष्मा बाहेर आढळल्यास काही वर्षे ठराविक काळाने स्कॅन व रक्ततपासणी करावी लागते. पेशी उग्र जातीच्या असल्यास आतड्याचाही काही भाग काढावा लागतो.

रोग पोटभर पसरलेला असल्यास दिसेल तेवढा रोग काढून टाकतात आणि त्याच वेळी सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे औषधी द्रावण पोटात तास-दीड तास खेळवितात. अमेरिकन शल्यविशारद पॉल शुगरबेकर यांनी ही पद्धती रूढ केली. शस्त्रक्रिया दीर्घ व खर्चिक आहे. तिचा अनुभव असलेल्या केंद्रातच ती करावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय अशांपैकी एक होय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या केंद्रांतील २२९८ रुग्णांच्या पाहणीत, या उपचारानंतर दहा वर्षे जगण्याचे प्रमाण ६३ टक्के आढळले. आशेस जागा आहे, ती अशी.

आणखी एक गोष्ट. हल्ली आंत्रपुच्छाचा दाह कित्येकदा केवळ औषधांनी बरा करतात. ते योग्यही असते. परंतु चाळिशीनंतर आंत्रपुच्छाभोवती पू झाला असेल, तर बरे वाटल्यावरही डॉक्टरांकडे पुन्हा जावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासात आंत्रपुच्छाभोवती पू झालेल्या ६० रुग्णांपैकी २० टक्के रुग्णांच्या आंत्रपुच्छात निरनिराळ्या जातींच्या गाठी आढळल्या, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. घरात कोणाचे आंत्रपुच्छ काढले, तर ते तपासणीस पाठविले का, हे विचारावे. अहवाल स्वतः जाऊन आणावा, डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि घराच्या खरेदीखताइतका जपून ठेवावा. पोटाचा घेर कारणावाचून वाढत असेल, तर वयावर ढकलू नये. माता-भगिनी स्वतःचे दुखणे मागे ठेवतात. त्यांची विचारपूस घरच्यांनीच करावी.

टाके निघाले म्हणजे दुखणे संपले, असे आपण मानतो. ते संपले की नाही, हे तो कागद सांगतो. न्यासाचा निधी उपचारास हातभार लावील. पण कागद आणावयास घरातल्याच कोणी जावे लागेल.