गिळताना ठसका लागतोय? आहार पातळ करण्याआधी हे वाचा

पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सन्ससारख्या आजारात गिळायला त्रास होऊ लागला, की घरचे रुग्णाला पातळ पदार्थ देऊ लागतात. मात्र अनेकदा जास्त धोका पातळ पदार्थांचाच असतो.

पाण्याचाच ठसका का लागतो?
पाणी, चहा, ताक घशातून वेगाने उतरते. गिळण्याचे स्नायू मंदावले असतील, तर श्वासनलिका वेळेत झाकली जात नाही. घोट फुफ्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना ठसकाही लागत नाही. खाल्ल्या-प्यायल्यावर आवाज घरघरणे ही खूण असू शकते.

काय द्यावे?
मऊ, ओलसर आणि एकजीव अन्न. उदा. घोटलेली मूगडाळीची खिचडी, दाट वरणात कालवून घोटलेला मऊभात, नाचणीची दाट पेज, शिजवून कुस्करलेला दुधी.

काय टाळावे?
चिवडा, पापड, शेंगदाणे, कोरडी भाकरी, चिकट साबुदाणा. पातळ आमटीत कालवलेला भातही नको. आमटी आधी घशात उतरते, शिते तोंडातच राहतात.

चमच्याची चाचणी
घोटलेला पदार्थ चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. गोळा एकसंध घसरला, तर दाटपणा योग्य. ओघळला तर पातळ, चिकटून राहिला तर फार घट्ट.

हे लक्षात ठेवा
रुग्णाला ताठ बसवूनच भरवा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. ठसक्याच्या भीतीने पाणी परस्पर बंद करू नका. ते किती दाट करून द्यायचे, हे डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या.