इलेक्ट्रिक गिटार: रंगाचे पैसे की आवाजाचे?



मला इलेक्ट्रिक गिटारचं वेड आहे, हे आता कर्नाळ्याच्या आसपासच्या बऱ्याच पालकांना ठाऊक झालंय. शाळा सुटली की गेटपाशी मोबाइल पुढे येतो, "बाई, ही कशी आहे हो? पोरगं हट्टच धरून बसलंय." फोटोत एखादी चकचकीत निळी गिटार असते, नाहीतर मुद्दाम जुनाट केलेली, जागोजागी रंग उडालेली. खाली दोन गोष्टी ठळक लिहिलेल्या असतात: नवीन फिनिश आणि नवीन पिकअप. या दोन शब्दांवर किंमत बरीच चढते, म्हणून त्यांचा अर्थ आज नीट समजून घेऊ. यातच सहावीच्या चुंबकाच्या पाठाला आणि सातवी-आठवीच्या गणितालाही उपयोगी पडेल असं काही आहे.

आधी आपल्या ओळखीचं वाद्य घेऊ. मिरजेचा तंबोरा. तार छेडली की घोडीतून कंप तबलीत जातो, तबली थरथरते आणि भोपळ्यातली हवा तो आवाज मोठा करते. म्हणजे तिथे लाकूड स्वतः गातं. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सुरू केलं. ते मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारे, धार लावणारे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा वाद्याच्या तबलीवर पॉलिशचा जाड थर चढवला तर तिचं थरथरणं दबतं. तिथे पॉलिश हा आवाजाचाच भाग आहे.

इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिचं अंग भरीव लाकडाचं असतं. वायर न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू येणार नाही. आवाज येतो तो तारांखाली बसवलेल्या छोट्या पट्टीतून. तीच पिकअप.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, पुस्तकातलं कुंतल. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी बारीक. जुन्या पद्धतीच्या एका पिकअपमध्ये तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. मोटार वाइंडिंगच्या दुकानात इनॅमलच्या तारेची रिळं बघितली असतील ना, तीच जात, फक्त फार बारीक. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकित होते. ती हलली की कुंतलातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत इवलासा विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. पुढे अॅम्प्लिफायर तो मोठा करतो.

म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकतच नाही, ती तारेची हालचाल बघते. वर्गात हे सहज दाखवता येतं. नायलॉनच्या तारांची गिटार कितीही जोरात वाजवा, अशी पिकअप गप्प. पण तिच्यासमोरून पोलादी चमचा हलवला की स्पीकरमधून आवाज येतो. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग दाखवा.

अशी पिकअप असलेली पहिली यशस्वी गिटार १९३२ मध्ये अमेरिकेत रिकनबॅकरने बाजारात आणली. कल्पना जॉर्ज बोशां यांची, पेटंट मिळालं १९३७ मध्ये. गिटार आकाराने तळणीच्या तव्यासारखी होती आणि लोक तिला तेच म्हणायचे. पण एका कुंतलाच्या पिकअपला एक खोड आहे. ती तारेसोबत घरातल्या विजेचीही गुणगुण पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटची चोक किंवा फॅनचा रेग्युलेटर जवळ असला की घूंऽऽ सुरू.

यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी काढलेला उपाय माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर भाग आहे. त्यांनी दोन कुंतलं शेजारी ठेवली आणि दुसऱ्याचे वेढे उलटे जोडले. बाहेरची गुणगुण दोघांतही येते, पण एकात अधिक आणि दुसऱ्यात उणे, त्यामुळे बेरीज जवळपास शून्य. मग तारेचा आवाजही शून्य व्हायला हवा, नाही का? तो होत नाही, कारण त्यांनी दुसऱ्या कुंतलात चुंबकाचा ध्रुवही उलटा ठेवला. तारेच्या संकेतासाठी दोनदा उलट, म्हणजे सुलट. उणे गुणिले उणे अधिक! या पिकअपला हंबकर म्हणतात. १९५७ पासून त्या गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागल्या.

आज 'नवीन पिकअप' म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक याच दोन घराण्यांतलं. वेढे वाढवले की आवाज जोरकस होतो, पण वरचे बारीक स्वर मंदावतात. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचं चुंबक बदलून सिरॅमिक घातलं की साधारणपणे धार वाढते. काहींत नऊ व्होल्टची बॅटरी असते. काहींत दोन कुंतलं एकावर एक रचून गुणगुण मारलेली असते. आपल्या घरांच्या वायरिंगचा विचार करता मला ही शेवटची सुधारणा खरोखर पैसे देण्यासारखी वाटते. 'जास्त वेढे, जास्त दणका' हे मात्र शिकणाऱ्या मुलाला नकोच. दणक्यात बोटांच्या चुका लपतात.

आणि पिकअप बदलण्याआधी फुकटचा उपाय करा. पिकअपच्या कडेला स्क्रू असतात. ते फिरवले की ती तारांच्या जवळ येते किंवा लांब जाते. फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतं, सूर डळमळतो. लांब असेल तर आवाज पडतो. अर्धा-अर्धा आटा फिरवून ऐका. घरी धूळ खात पडलेली गिटार कधी कधी एवढ्यानेच बोलायला लागते.

आता फिनिश. फर्निचरचं काम करणाऱ्या सुतारांकडून आपण पीयू पॉलिश हा शब्द ऐकतो, तसलेच थर इथेही असतात. पूर्वी नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायचे. फेंडर कंपनी तर मोटारींचेच रंग गिटारला द्यायची. लेक प्लॅसिड ब्लू नावाचा प्रसिद्ध निळा आधी कॅडिलॅक गाडीवर होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने पॉलिएस्टरचा जाड, टणक थर द्यायला सुरुवात केली. नायट्रो पिवळं पडतं, त्याला तडे जातात, काही स्टँडच्या रबराने ते चिकटून खराबही होतं. तरी हौशी लोक म्हणतात, नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं. भरीव गिटारच्या बाबतीत मला हे पटत नाही. पिकअप तारेकडे बघते, रंगाकडे नाही. जुनाट दिसणाऱ्या गिटारींचं खूळ फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ पासून रूढ केलं. दिसतात छान, पण खरवडलेल्या रंगासाठी मुलाच्या क्लासच्या फीइतके पैसे जास्त द्यायचे?

एका ठिकाणी मात्र मी फिनिशला पूर्ण मान देते. ती म्हणजे दांडी. कर्नाळ्याचा सुळका जून ते सप्टेंबर ढगातच असतो, घरातली कपाटं फुगतात, तसं गिटारच्या दांडीचं लाकूडही ओल पिऊन थोडं वाकतं. चकचकीत थर असेल तर घामट हाताला दांडी चिकटते, हात सरकत नाही. सॅटिन म्हणजे मंद, गुळगुळीत फिनिश इथे जास्त सोयीचं. हल्ली भाजलेल्या मेपलच्या दांड्या मिळतात, लाकूड तापवून तपकिरी केलेलं. ते ओल कमी धरतं. ही नवी सुधारणा जणू कोकणासाठीच केली असावी! उलट पावसाळ्यात कसलंही फिनिश तारांचा गंज थांबवत नाही, वाजवून झालं की सुती फडक्याने पुसाव्याच लागतात.

बोटांखालच्या पट्टीला शिसव वापरतात, आपलीच भारतीय शिसव. २०१७ मध्ये तिच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, म्हणून कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. त्यामुळे पट्टी शिसवीची नाही म्हणून गिटार नाकारू नका.

खरेदीला पनवेलहून हार्बर लाइन पकडून सीएसएमटीला उतरलात की धोबी तलाव चालत गाठता येतं. तिथे १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे, इतर दुकानंही आहेत. दोन गिटारी एकाच अॅम्प्लिफायरवर, सारख्याच आवाजात लावायला सांगा. वाजवणारा दुकानातलाच असू दे. मुलाला पाठ करून उभं करा आणि कोणती आवडली ते विचारा. मग त्याला वळू द्या. निवडलेली निळी नसेल तर दोन मिनिटं तोंड फुगेल, तेवढं सांभाळून घ्या. दांडीवर हात मात्र त्यालाच फिरवू द्या, आणि वाजवणं थांबल्यावर स्पीकर किती गुणगुणतोय तेही ऐकून घ्या.