मे महिन्यातला केक आणि वितळणारे आयसिंग

वाढदिवस साजरा करावा की करू नये, यावर आमच्या घरात दर उन्हाळ्यात चर्चा झडते. नाना नको म्हणतात. नानी काहीच बोलत नाहीत आणि दुपारी हळूच विचारतात, अंडी किती लागतील? त्या वादात इथे शिरायचे नाही. केक घरीच करायचा असे ज्या घरांत ठरले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

उन्हाळ्यात स्पंज सहसा दगा देत नाही, दगा देते ते वरचे आयसिंग. बटर २५ अंशांच्या पुढे ढिले पडू लागते आणि ३२ ते ३५ अंशांदरम्यान पातळच होते. मे महिन्यात आपले स्वयंपाकघर सकाळीच तिथवर पोचलेले असते. मग पुस्तकातल्या कृतीप्रमाणे बटर आणि दुप्पट पिठीसाखर फेटून काढलेली सुंदर फुले पाहुणे येईपर्यंत ताटात उतरतात. यात करणारीच्या हाताचा काही दोष नाही.

घरचे लोणी तर या कामाला घेऊच नये. त्यात ताकाचे पाणी राहते, ते साखरेत सुटते आणि आंबूसपणाही लागतो. बिनमिठाचे विकतचे बटरच बरे. काही जणी अर्धे बटर आणि अर्धे वनस्पती तूप घेतात. वनस्पती उष्णतेला जास्त टिकते हे खरे, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो. ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे, म्हणून पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही. तरी मुलांच्या केकवर आम्ही ते वापरत नाही.

व्हिपिंग क्रीम हा सगळ्यांचा लाडका प्रकार आणि उन्हाळ्यातला सर्वांत नाजूक. दुकानात छोट्या खोक्यात मिळते ते २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम कितीही फेटले तरी नीट उभे राहत नाही. बेकरीवाले वापरतात ते बहुधा वनस्पती तेलाचे, गोठवून ठेवलेले क्रीम असते. ते फेटताना क्रीम, भांडे आणि काटे सगळे थंडगार लागते. फेटून झाल्यावरही केक कापेपर्यंत फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. आता सुट्टीतले घर डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीकडच्या आजोळी सगळी भावंडे जमलेली, फ्रिज एकच, त्यात मासळी, आंबे आणि पाण्याच्या बाटल्या. मिनिटामिनिटाला त्याचे दार उघडते आणि वळवाचा वारा सुटला की वीज जाते. ३२ अंशांच्या वर क्रीमचा केक तासाभराहून जास्त बाहेर राहिला तर तो लहान मुलांना देऊ नये. दिसायला चांगला असला तरी नाही.

हवेतही फरक आहे. आमची नणंद अकोल्याला असते. तिथे पारा चाळिशीच्या पार जातो, पण हवा कोरडी. पिठीसाखर, लिंबाचा रस आणि चमचा-दोन चमचे पाणी कालवून केकवर ओतले की तासाभरात छान कवच धरते. त्यात स्निग्धांशच नाही, मग वितळणार काय? तीच साखर कोकणात दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि चिकट होते. मिक्सरमध्ये साखर दळताना वाटीला एक चमचा कॉर्नफ्लोअर घातले तर थोडा फरक पडतो, पण थोडाच. अंड्याच्या पांढऱ्याचे आयसिंगही असेच कोरड्या हवेचे. शिवाय त्यातले अंडे कच्चे असते, म्हणून लहान मुले, गरोदर बाया आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ते टाळावे.

आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई घरून केकच्या ऑर्डरी घेते. तिच्या दृष्टीने आयसिंग म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. भर दुपारी स्कूटीवर नेलेला एक क्रीमचा केक घसरला की दोन दिवसांची कमाई गेली. एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत ती क्रीमची ऑर्डर घ्यायची तर मगरिबनंतर घरून घेऊन जाणाऱ्यांचीच घेते. बाकी सगळ्यांना गनाश.

आम्हालाही कोकणातल्या उन्हाळ्यासाठी गनाशच पटते. अर्धा किलोच्या केकला ३०० ग्रॅम डार्क कम्पाऊंड चॉकलेट बारीक चिरून घ्यावे. कम्पाऊंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्धांश असतो, तो उष्णतेत जरा जास्त तग धरतो. १०० ग्रॅम फ्रेश क्रीम उकळी फुटायच्या बेताला आणून त्यावर ओतावे, पाच मिनिटे हात लावू नये, मग मधून कडेकडे हळू ढवळावे. एरवी चॉकलेट क्रीमच्या दुप्पट पुरते, उन्हाळ्यात तिप्पट हवे. झाकून चार-पाच तास ठेवले की सुरीने लावण्याजोगे घट्ट होते. पांढरे चॉकलेट मात्र मे महिन्यात नकोच, ते लवकर ढिले पडते.

फॉन्डंटची बाहुली किंवा मार्शमेलो लावायचे असतील तर पाकीट उलटून पाहा. पुष्कळदा त्यात जिलेटिन असते आणि ते कोणत्या जनावराचे हे छापलेले नसते. चौकटीत हिरवा ठिपका असेल तर जनावराचे जिलेटिन नाही, एवढे कळते.

आंब्याचा हंगाम आहे म्हणून फोडी केकवर रचायचा मोह होतो. त्यांना पाणी सुटते आणि खालचा थर ओला होतो. फोडी वाटीत वेगळ्या द्याव्यात, मुलांना त्याच जास्त आवडतात.

उरलेले गनाश फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहते. गरम दुधात एक चमचा ढवळून दिले की सकाळी दूध नको म्हणणारेही पेला रिकामा करतात.