नाम, रूप आणि लॅटिन : औषधशाळेच्या दारातील एक उपेक्षित भाषा

आमच्या किन्हीराजा गावाचे नाव उच्चारताच निघंटूंचा परिचय असलेल्या वैद्यास ‘किणिही’ हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. गावाचे नाव त्यावरूनच पडले, असे सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तो शब्द मोठा बोधप्रद आहे. भावप्रकाश निघंटूत किणिही हा अपामार्गाचा, म्हणजे आपल्या आघाड्याचा पर्याय आहे. अन्यत्र मात्र तेच नाव श्वेतशिरीषास, म्हणजे मराठीत ज्यास किन्हई म्हणतात त्या वृक्षास दिलेले आढळते. एक बांधावरचे क्षुप, दुसरा डेरेदार वृक्ष, नाव एकच!

लॅटिन नावांत हा घोटाळा उरत नाही. आघाडा ‘अकिरँथिस अस्पेरा’, तर किन्हई ‘अल्बिझिया प्रोसेरा’. ‘अस्पेरा’ म्हणजे खरखरीत आणि ‘प्रोसेरा’ म्हणजे उंच. आघाड्याचे ‘खरमंजरी’ हे नाव येथे आठवावे. आपल्या निघंटुकारांनी जे लक्षण टिपले, तेच लॅटिन नाव देणाऱ्यानेही टिपले आहे. विद्यार्थीदशेत द्रव्यगुणाच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनीच ही नावे घोकली आणि परीक्षा संपताच विसरलो, याचे कारण एवढेच की त्यांचा अर्थ आपणांस फारसा कोणी सांगितला नाही.

एक स्वानुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही ब्राह्मीघृत सिद्ध करण्यासाठी एका व्यापाऱ्याकडे ‘ब्राह्मी पंचांग’ अशी मागणी नोंदविली. माल आला, तो कुटलेला होता. घाईत आम्ही तो बारकाईने पाहिला नाही. घृत सिद्ध झाल्यावर पोत्याच्या तळाशी काही अखंड पाने सापडली. ती लांब देठाची, वृक्काकार व दंतुर कडांची होती, म्हणजे मंडूकपर्णीची. ब्राह्मीची पाने लहान, मांसल, देठरहित व समोरासमोर असतात. ते घृत आम्ही वापरले नाही.

व्यापाऱ्यास दोष देता येईना. त्याच्या भागात मंडूकपर्णीसच ब्राह्मी म्हणतात. दोष आमच्या मागणीपत्राचा होता. त्यावर ‘बॅकोपा मोनिएरी’ हे दोन शब्द असते, तर ‘सेंटेला एशियाटिका’ परत पाठविण्याचा अधिकार आम्हांस राहिला असता. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने या दोन्ही द्रव्यांचे स्वतंत्र वर्णन दिले आहे. शंखपुष्पी, रास्ना, पाषाणभेद, दारुहरिद्रा यांच्या बाबतीतही असाच संभ्रम बाजारात नित्य चालतो.

संभ्रमाची किंमत

आमचे नुकसान काही किलो तुपावर भागले. सर्वत्र तसे घडत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारांत ‘स्टेफॅनिया टेट्रांड्रा’ या चिनी वनौषधीऐवजी ‘अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची’ वापरली गेली. चिनी भाषेत पहिलीचे नाव ‘फांग जी’, दुसरीचे ‘ग्वांग फांग जी’. या नामसाधर्म्याने शंभराहून अधिक रुग्णांचे वृक्क निकामी झाले वा गंभीररीत्या बिघडले. कित्येकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आपल्याकडील उदाहरण गुडूचीचे आहे. गुळवेलीमुळे यकृतास अपाय होतो, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा २०२२ साली आयुष मंत्रालयाने खुलासा केला की, ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ ही गुडूची सुरक्षित आहे. मात्र तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ अपायकारक ठरू शकते. क्रिस्पाच्या खोडावर दाट गाठीसदृश उंचवटे असतात व तिच्यातून दुधाळ स्राव निघतो. प्रजातीचे नाव समान, भेद केवळ दुसऱ्या शब्दात. आणि त्या एका शब्दावर संपूर्ण शास्त्राची प्रतिष्ठा पणास लागली.

ही भाषा परकी नव्हे

लॅटिनचा संबंध केवळ पाश्चात्त्यांशी जोडणे इतिहासास धरून नाही. गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधींवरील आपला पोर्तुगीज ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला; क्लुसियसने १५६७ साली त्याचा लॅटिन संक्षेप केल्यावर तो युरोपभर पोहोचला. पुढे १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. डच अधिकारी व्हान र्‍हेडे याने तो सिद्ध केला, परंतु त्यातील ज्ञान इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट या कोकणी पंडितांचे होते. या तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियसने वनस्पतींना द्विपद नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. लॅटिन नावांच्या पायाशी आपल्याच वैद्यांचे ज्ञान आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

शिकावे व शिकवावे कसे?

संस्कृत जाणणाऱ्यास लॅटिन अवघड नाही, कारण या दोन्ही भाषा एकाच भाषाकुलातील आहेत. ‘सेप्टेम’ म्हणजे सप्त, ‘डेन्स’ म्हणजे दंत, ‘इग्निस’ म्हणजे अग्नि. ‘रॉवोल्फिया सर्पेंटिना’ हे सर्पगंधेचे नाव तर आपल्या कानांस ओळखीचेच वाटते. आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या नवशिक्या वैद्यांना व औषधे कुटणाऱ्या सहायकांना आम्ही पुढील क्रमाने शिकवितो.

१. प्रथम अर्थ, मग पाठांतर. ‘कॉर्डिफोलिया’ म्हणजे हृदयाकार पानांची, ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकच बीज असणारा आपला पळस, ‘सोम्निफेरा’ म्हणजे निद्रा आणणारी अश्वगंधा, ‘डिफ्यूजा’ म्हणजे पसरणारी पुनर्नवा. सुंठीच्या ‘ऑफिसिनेल’ या विशेषणाचे मूळ ‘ऑफिसिना’ म्हणजे कार्यशाळा वा औषधशाळा या शब्दात आहे. औषधशाळाचालकांनी तरी हा शब्द विसरू नये.

२. लिंगभेद. संस्कृताप्रमाणेच येथेही विशेषण विशेष्याचे लिंग घेते. हळद ‘कुर्कुमा लाँगा’, पण पिंपळी ‘पायपर लाँगम’. अर्थ एकच, दीर्घ. शोभेच्या आसुपालवाचे जुने नाव ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’ होते. प्रजाती बदलताच ते ‘मोनून लाँगिफोलियम’ झाले. अशोकाच्या सालीत ज्याची भेसळ होते, तो हाच वृक्ष.

३. लेखन. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे व दुसरा शब्द पूर्णतः लहान अक्षरांत लिहावा. नावापुढील ‘एल.’ हे अक्षर लिनियसचे निदर्शक आहे. उच्चारावर वाद घालू नये. मागणीपत्रात अक्षरे शुद्ध असणे महत्त्वाचे.

४. द्रव्यपत्रिका. प्रत्येक द्रव्यासाठी एक जाड कागद घ्यावा. त्यावर दाबून वाळविलेला नमुना चिकटवावा आणि संस्कृत नाव, गावातील नाव, लॅटिन नाव, कुल व उपयुक्त अंग लिहावे. आठवड्यास पाच द्रव्ये घेतली, तर वर्षभरात अडीचशे होतात.

उपयुक्त साधने

मराठी वाचकांसाठी डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ आजही आदरणीय आहे. कीर्तिकर व बसू यांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला ग्रंथ संदर्भासाठी जवळ असावेत. भाषेचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी विल्यम स्टर्न यांचे १९६६ सालचे ‘बोटॅनिकल लॅटिन’ पाहावे. त्यातील शब्दसंग्रह शिक्षकांस विशेष उपयोगी पडतो.

जुन्या ग्रंथांतील नावे मात्र पडताळून घ्यावीत. अडुळशाचे ‘अधाटोडा वासिका’ आता ‘जस्टिसिया अधाटोडा’ झाले आहे. तुळशीचे ‘ऑसिमम सँक्टम’ आता ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हणून ओळखले जाते. लंडनच्या क्यू उद्यानाची ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही सूची विनामूल्य असून भ्रमणध्वनीवरही पाहता येते.

मर्यादा आणि कर्तव्य

लॅटिन नाव लिहिले म्हणजे द्रव्याची ओळख पटली, असे नव्हे. पोत्यावरील नाव शुद्ध आणि आतील माल भलताच, असेही घडते. चरकाचार्यांनी नाम व रूप यांच्यासह योजनेचेही ज्ञान वैद्यास आवश्यक मानले आहे, आणि औषधींचे नामरूप रानात वावरणाऱ्या गुराख्यांनाही ठाऊक असते, असे नम्रतेने नोंदविले आहे. म्हणून गावातील जाणत्या माणसाचे नाव, निघंटूतील नाव आणि लॅटिन नाव, ही तिन्ही एकाच पत्रिकेवर यावीत आणि शेजारी प्रत्यक्ष नमुना असावा.

औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ नुसार औषधाच्या आवरणावर घटकद्रव्यांची यादी देणे निर्मात्यांस बंधनकारक आहेच. परंतु नियमासाठी लिहिलेले नाव आणि समजून लिहिलेले नाव यांत अंतर आहे. वैद्यबंधुभगिनींनी व औषधशाळाचालकांनी पुढील मागणीपत्रापासूनच प्रत्येक द्रव्यासमोर त्याचे लॅटिन नाव व उपयुक्त अंग लिहिण्याचा प्रघात पाडावा, ही आमची नम्र विनंती. आम्ही तो पाडला आहे. तेव्हापासून ब्राह्मी मागविली की पोते उघडताना सहायकच आधी पानाचा देठ शोधतो.