ईलच्या टँकमध्ये शेजारी कोण?

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्याला कधी ना कधी ईलचा मोह होतोच. दुकानात ती पीव्हीसी पाइपच्या तुकड्यातून डोकं बाहेर काढून बसलेली असते. पांढरट अंग, त्यावर काळी नक्षी, नक्षीत पिवळे ठिपके आणि तोंडाची सतत उघडझाप. ही स्नोफ्लेक मोरे, शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा. गिऱ्हाईक विचारतं, "गरीब आहे ना? बाकीच्या माशांबरोबर राहील ना?" दुकानदार मान डोलावतो आणि सौदा होतो.

इथे स्वभावाची चौकशी करून काही हाती लागत नाही. चौकशी करायची ती तोंडाची.

तोंडाची ती उघडझाप म्हणजे धमकी नव्हे, श्वास आहे. मोरेच्या कल्ल्यांची भोकं अगदी लहान असतात, त्यामुळे तोंडाने पाणी ओढून ते मागे ढकलत राहावं लागतं. पण या उघड्या तोंडाने तिची बदनामी फार जुन्या काळापासून केली आहे. रोमन श्रीमंतांनी तर मोरेंचे तलावच बांधले होते. त्यातला वेडियस पोलिओ हातून पेला फुटला म्हणून गुलामाला मोरेंच्या तलावात टाकायला निघाला आणि सम्राट ऑगस्टसने त्याला अडवलं, अशी हकिकत सेनेकाने लिहून ठेवली आहे. मला त्यात माशापेक्षा पोलिओच जास्त भीतिदायक वाटतो.

मोरेंच्या सुमारे दोनशे जाती आहेत. टँकच्या दृष्टीने त्यांचे ढोबळ दोन गट पडतात आणि ते दातांवरून ओळखता येतात. स्नोफ्लेक आणि झेब्रा मोरे यांचे दात बोथट, गोट्यांसारखे असतात, खेकड्याचं कवच फोडायला योग्य. जिम्नोथोरॅक्स वंशातल्या बऱ्याच जातींचे दात मात्र सुईसारखे लांब आणि टोकदार. ते निसटता मासा धरण्यासाठी असतात. त्यातली जायंट मोरे तीन मीटरपर्यंत वाढते. घरच्या टँकमध्ये तिचा विचारही नको. पहिल्या गटातल्या ईलसोबत अंगापिंडाने मोठे मासे सहसा सुखाने राहतात. दुसऱ्या गटातल्या ईलसोबत गिळता येण्याजोगा कुठलाच मासा सुखाने राहत नाही.

'गिळता येण्याजोगा' म्हणजे नेमका केवढा, याचा अंदाज चुकतो तो तिच्या घशामुळे. बहुतेक मासे तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. आपल्या कोळणींच्या टोपलीत येणारी वाम ही मोरेची दूरची नातलग, पण ती चिखलाळ तळावर वावरते. मोरे खडकांच्या फटीत राहते, तिथे शिकार करते, आणि तिचं डोकं अरुंद असतं. एवढ्या डोक्यात पाणी ओढण्याची ताकद येणार कुठून? कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ साली 'नेचर'मध्ये याचं उत्तर दिलं. मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरलं की मागचा जबडा घशातून पुढे झेपावतो, त्यात आपले दात रुतवतो आणि घास अन्ननलिकेकडे ओढून नेतो. एका जबड्याची पकड सैल होते तेव्हा दुसऱ्याची घट्ट असते. घास फारच मोठा असेल तर ईल स्वतःच्या शेपटीची गाठ मारते आणि ती गाठ अंगावरून डोक्याकडे सरकवत त्याचा तुकडा तोडते. तेव्हा 'एवढा मोठा मासा ती कसा खाईल?' या भरवशावर डॅमसेल किंवा क्लाउनफिश सोडू नयेत.

दातांच्या या दोन गटांतून एक गंमतशीर उलटापालट निघते. सफाई करणारी कोळंबी, म्हणजे क्लीनर श्रिम्प, समुद्रात मोरेच्या तोंडात शिरून परजीवी खुडते आणि सुखरूप बाहेर येते. ते चित्र पाहून लोक स्नोफ्लेकसोबत ती हौसेने आणतात. पण स्नोफ्लेकचं खाणंच मुळी खेकडे आणि कोळंबी! ईलच्या आधीपासून टँकमध्ये असलेली कोळंबी कधीकधी वाचते. नंतर सोडलेली तळाला टेकायच्या आतच संपू शकते. मासेखाऊ मोरेसोबत मात्र हीच कोळंबी बऱ्याचदा टिकते. थोडक्यात, जी ईल माशांना बरी ती कोळंबीला वाईट. प्रवाळांना ती दात लावत नाही. त्यांच्याखालचे दगड मात्र उकरून पाडते, म्हणून दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर बसवावेत.

खाऊ घालताना एकदा बारकाईने पाहा. माकुळाचा तुकडा चिमट्यात धरून पाण्यात नेला की आधी नळीसारख्या दोन नाकपुड्या उभारतात. मग डोकं डावी-उजवीकडे झुलायला लागतं. तुकडा बोटभर अंतरावर असतो, तरी ती त्याच्या शेजारच्या दगडाला चावते. तिची नजर अधू, नाक तिखट. वास सगळ्या टँकमध्ये पसरला की त्यातून जाणारी कुठलीही शेपटी तिला जेवणच वाटते. शेजाऱ्यांना होणाऱ्या बऱ्याच जखमा अशा, खुन्नस न धरता झालेल्या असतात. म्हणून लायनफिशसारखा संथ शेजारी असेल तर ईलला आधी, वेगळ्या कोपऱ्यात आणि लांब चिमट्यानेच भरवावं. मोठ्या ईलला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. जिवंत गोल्डफिश टाकायची हौस अजिबात नको. त्यातून पोषण धड होत नाही आणि हलतं ते खायचं ही सवय मात्र लागते.

इथवर ईल आरोपी होती. पण तिचे शेजारी निवडताना तीच बळी ठरण्याची शक्यता फार कमी लोक धरतात. केंड जातीच्या माशांचे दात जोडून चोचीसारखे झालेले असतात आणि कपारीबाहेर राहिलेलं शेपटीचं टोक त्यांना मोहात पाडतं. क्लाउन आणि अंड्युलेटेड ट्रिगरफिश तर चावण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्या मानाने प्लवकांवर जगणारा नायजर ट्रिगर पुष्कळ सोसवतो. नुकतीच आणलेली वीतभर ईल लायनफिशच्याच घशात जाऊ शकते. हेकरूचंही तेच. तांबड्या समुद्रात हेकरू जायंट मोरेच्या कपारीपाशी जाऊन डोकं हलवून तिला शिकारीला बोलावतो आणि दोघं जोडीने फिरतात, असं रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली नोंदवलं. त्या जोडीत भक्ष्य ज्याच्या तोंडाला लागेल त्याचं, वाटणी नाही. समुद्रात पुढची शिकार असते, टँकमध्ये पुढचा तुकडा आपल्या चिमट्यातच असतो, आणि हेकरू तो ईलच्या आधी पळवतो.

मग उरतं कोण? मोठे एंजलफिश, सर्जनफिश, काटेरी फॉक्सफेस, स्क्विरलफिश, जरा मोठ्या आकाराचे रास. स्नोफ्लेकसाठी तीनशे लिटरच्या आतबाहेरचं पाणी किमान समजावं. शेजारी वाढले की तेवढं पुरत नाही, कारण मांसाहारी मासे पाणी झपाट्याने घाण करतात. शिवाय नवा मासा एकटा येत नाही, सोबत रोग आणतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण खवले नसलेल्या ईलला ते सोसत नाही. मुख्य टँकमध्ये ते घालायची वेळच येऊ नये म्हणून प्रत्येक नवा शेजारी आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

आपल्याकडे 'गोड्या पाण्यातली स्नोफ्लेक' म्हणून जी विकली जाते, ती बहुधा जिम्नोथोरॅक्स टाइल असते, नद्यांच्या मुखाजवळची, निमखाऱ्या पाण्याची. तिला गोड्या पाण्यात एंजल आणि गोल्डफिशबरोबर ठेवणं म्हणजे दोन्ही बाजूंवर अन्याय. निळी-पिवळी रिबन ईल दिसायला सगळ्यांत देखणी, पण बंदिवासात ती अनेकदा अन्नाला तोंडच लावत नाही. ती घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटची गोष्ट झाकणाची. रीटा मेहता आणि काइल डोनोहो यांनी स्नोफ्लेक ईलना उतरत्या फळीवर, पाण्याबाहेर ठेवलेला माकुळाचा तुकडा खायला शिकवलं. त्या वर आल्या, तुकडा धरला आणि पाण्यात न परतता तिथेच घशातल्या जबड्याने गिळला. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. जी जनावरं जेवणासाठी पाणी सोडतात, ती छळ चुकवण्यासाठीही सोडतात, आणि फिल्टरच्या नळीसाठी ठेवलेली फट त्यांना दारासारखी पुरते. ती फट जाळीने बुजवावी. तरीही ईल सकाळी फरशीवर सापडली तर ती बाहेर का पडली याचं उत्तर टँकमध्येच शोधावं. तिथे पुष्कळदा एखादा केंड नाहीतर ट्रिगर निवांत फिरत असतो.