पायथॉनला पॅकेज सापडते कोठे?
'बुलढाणा' या शब्दात अक्षरे चार; पायथॉन मात्र सात मोजते, कारण युनिकोडमध्ये उकार व काना ही स्वतंत्र चिन्हे आहेत. असा शब्द अक्षरांत तोडण्यासाठी 'रेजेक्स' हे बाहेरचे पॅकेज उपयोगी पडते. ते 'पिप'ने बसवूनही 'असे मॉड्यूल नाही' हा संदेश पुष्कळदा येतो. एका संगणकावर अनेक पायथॉन नांदू शकतात, प्रत्येकाचे कोठार निराळे असते, आणि पॅकेज बहुधा भलत्याच कोठारात पडलेले असते.

पॅकेज मागताच पायथॉन 'सिस.पाथ' या यादीतील फोल्डर क्रमाने धुंडाळते. विंडोजवर कोठाराचे नाव 'साइट-पॅकेजेस'. उबुंटूच्या मूळ पायथॉनमध्ये 'डिस्ट-पॅकेजेस'. यादीत भर घालणाऱ्या 'पायथॉनपाथ'मधील मार्ग विंडोजवर अर्धविरामाने, लिनक्स व मॅकवर अपूर्णविरामाने विलग करतात. (विरामचिन्हांना गौण मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे!) तथापि हा उपाय शेवटचा. ज्या पायथॉनने काम करावयाचे, त्याच्याच आज्ञेला 'एम' हा पर्याय जोडून पिप चालवावे. ही रीत बहुतेक ठिकाणी चालते; उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांतील मूळ पायथॉन अशी थेट बसवणी नाकारते. मात्र स्वतःच्या फाइलला 'रेजेक्स' हे नाव देऊ नये. चालविलेल्या फाइलचा फोल्डर यादीत प्रथम असल्याने पायथॉन तीच फाइल उघडते व खरे पॅकेज मागेच राहते.