हिवाळ्यातील गोधनाचा चाराखर्च : रामटेक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत मांसासाठी गाईंचे कळप पाळले जातात. हिवाळ्यात कुरणे बर्फाखाली जात असल्याने साठविलेली वैरण हा तेथील पशुपालकाचा सर्वांत मोठा खर्च ठरतो. रामटेक परिसरात बर्फ नाही आणि मांसासाठी गोपालनही नाही. तरीही हिवाळी चाराखर्चाचा प्रश्न येथेही आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, 1976 अन्वये गोहत्येस बंदी होतीच. 2015 च्या सुधारणेने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. परिणामी दुभत्या गाईबरोबर भाकड गाय व थकलेला बैल यांचाही वाटा त्याच वैरणीतून काढावा लागतो. हा खर्च कसा आटोक्यात ठेवता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
पेंच प्रकल्पाच्या सिंचनामुळे रामटेक, पारशिवनी व मौदा या भागांत धानाचे क्षेत्र मोठे आहे. त्यामुळे कापणीनंतर येथे तणस मुबलक असते. उणीव आहे ती पोषणमूल्याची. तणसात प्रथिने केवळ 3 ते 4 टक्के असून सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने ते पचनास जड जाते. जनावराचे पोट भरते, पण दूध घटते. मग ही तूट भरून काढण्यासाठी सरकीची ढेप विकत घ्यावी लागते. म्हणजेच हिवाळी खर्चाचे मूळ चाऱ्याच्या टंचाईपेक्षा त्याच्या निकृष्टतेत आहे.

गरजेचा हिशेब :
जनावरास साधारणपणे वजनाच्या अडीच टक्के शुष्क पदार्थ रोज लागतो. 300 किलो वजनाच्या गाईस तो सुमारे साडेसात किलो होतो. त्यापैकी दोन-तृतीयांश भाग तणसातून दिल्यास रोज साडेपाच किलो, तर 120 दिवसांत सुमारे साडेसहा क्विंटल तणस लागेल. अखंड पेंढ्या टाकल्याने पाचवा हिस्सा पायदळी गेला, तर हीच गरज आठ क्विंटलांवर जाते. कुट्टी करून गव्हाणीत दिल्यास ही नासाडी बरीच टळते.

तणसावर युरिया प्रक्रिया :
100 किलो तणसावर 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, थर दाबून प्लास्टिकने हवाबंद करावेत व 21 दिवसांनी ढीग उघडावा. यामुळे तणस मऊ होऊन पचनीयता वाढते आणि प्रथिनांचे प्रमाण 7 ते 8 टक्क्यांपर्यंत जाते. चार टक्के वाढ धरल्यास 100 किलो तणसात सुमारे 4 किलो प्रथिनतुल्य घटकांची भर पडते. 22 टक्के प्रथिने असलेल्या ढेपेतून तेवढी प्रथिने मिळविण्यास सुमारे 18 किलो ढेप लागते. अर्थात ही प्रथिने ढेपेच्या प्रथिनांशी सर्वस्वी समान नसल्याने दुभत्या गाईची ढेप पूर्णतः बंद करू नये. भाकड जनावरांची मात्र मोठ्या अंशी सोय होते.

येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. युरियाचे प्रमाण वाढविल्यास विषबाधा होते. त्याचे द्रावण जनावरास कधीही पाजू नये. प्रक्रिया केलेले तणस काही वेळ उघड्यावर पसरून मगच थोड्या-थोड्या प्रमाणात सुरू करावे आणि सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये.

पूरक उपाय :
सिंचनाची सोय असल्यास धानानंतर थोड्या क्षेत्रात बरसीम घेता येते. हरभरा व तूर यांचे कुटार तणसात मिसळावे. कंबाईन हार्वेस्टरने कापणी केल्यास शेतात पसरलेले तणस न जाळता गोळा करावे. तसेच दुभती, गाभण व भाकड जनावरे यांना वेगवेगळा आहार द्यावा. सर्वांना सारखीच ढेप देणे हा अपव्यय होय.

निष्कर्ष :
वैरणीची किंमत तिच्या वजनावर न मोजता तीतून मिळणाऱ्या पोषणावर मोजली पाहिजे. ढेपेचे बिल माघ महिन्यात भरावे लागत असले, तरी ते ठरते कापणीच्या दिवसांत, तणसाचे आपण काय करतो यावर. अल्पभूधारकाच्या दृष्टीने गाय दारात राहणार की बाजारात जाणार, हे बऱ्याच अंशी याच हिशेबावर अवलंबून आहे. ग्रामीण महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही प्रक्रिया पशुवैद्यकांच्या मार्गदर्शनाखाली गावोगावी दाखविल्यास तो ज्ञानाचा सार्थ विनियोग ठरेल.